गवताच्या छपराखाली कुणीतरी जेवत असतं

मी बडोद्याची. गेली काही वर्षं मराठी माणसांचे लहान गट घेऊन मी जपानला जाते. गटात इंदूरचे असतात, बेळगावचे असतात, हैदराबादचं एखादं जोडपं असतं. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांच्या मराठीला हसतात आणि तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांची एकच खिचडी झालेली असते.

टोकियो, क्योतो, फुजी यांच्याबद्दल आज मी बोलणार नाही. त्यांचे व्हिडिओ तुम्हाला शेकड्यानं मिळतील. मी बोलणार आहे मधल्या डोंगराळ जपानातल्या चार दिवसांबद्दल. आणि चूक आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं का सांगतेय ते कळेल.

गिफू प्रांतात शिराकावा-गो म्हणून खोरं आहे. तिथलं ओगिमाची हे गाव तुम्ही कॅलेंडरवर पाहिलं असेल: बर्फ, आणि त्यात गवताच्या उंच, उतरत्या छपरांची घरं. १९९५ साली हे गाव आणि शेजारच्या गोकायामातली दोन गावं जागतिक वारसा यादीत गेली. माझी पहिलीच सहल होती. बसमध्ये माईक हातात घेऊन मी म्हणाले, ‘आता आपण एका उघड्या संग्रहालयात जातोय.’ दोन तास दिले, फोटो काढा म्हटलं.

अर्ध्या तासानं गटातल्या एका काकांनी एक सरकतं दार ढकललं आणि आत पाऊल टाकलं. आत एक आजी जेवत होत्या. हातात वाटी, समोर छोटा टीव्ही. काका बुटांसकट उभे. मी धावत गेले, कमरेत वाकून माफी मागितली. आजी उठल्या, उलट त्याच वाकल्या, आणि दार हळूच ओढून घेतलं. काका म्हणाले, ‘अहो, तुम्हीच म्हणालात ना संग्रहालय?’

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मीच त्यांना चुकीचं सांगितलं होतं.

त्या घरांना गाश्शो-झुकुरी म्हणतात. गाश्शो म्हणजे दोन्ही तळहात जोडणं, आपला नमस्कार. छपराच्या दोन बाजू तशाच मिटलेल्या दिसतात. उतार जवळजवळ साठ अंशांचा, कारण तिथला बर्फ ओला, जड आणि भरपूर. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही, सगळं दोरानं आणि कोवळ्या फांद्यांच्या पिळानं बांधलेलं. इथवर सगळे गाइड सांगतात. मला त्यापुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. ही घरं सुंदर दिसावीत म्हणून इतकी उंच बांधलेली नाहीत. ते कारखाने होते. वरच्या माळ्यांवर रेशमाचे किडे पाळायचे. आणि जमिनीखाली, चुलीच्या आसपास खड्डे खणून त्यात माती, किड्यांची विष्ठा, रानगवत, मूत्र असे थर कुजवायचे. चार-पाच वर्षांनी त्यातून सोरा मिळायचा. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक. गोकायामाचा सोरा कागाच्या सरदारांकडे जायचा. वर रेशीम, खाली दारूगोळा, आणि मधे माणसं राहायची! पुढे मेइजी काळात परदेशी स्वस्त सोरा आला आणि तो धंदा बसला. नंतर रेशीमही गेलं. मग एवढ्या मोठ्या छपरांचं करायचं काय?

बऱ्याच जणांनी ती उतरवली. १९६१ साली त्याच नदीवर मिबोरो धरण पुरं झालं, त्यात गावं बुडाली. त्या भागातलं एक घर उचलून योकोहामाला नेलं, आज ते सानकेइएन बागेत उभं आहे. घर वाचलं, पण त्यात आता कुणी जेवत नाही.

ओगिमाचीत उरलेल्यांनी १९७१ साली एकत्र बसून तीन गोष्टी ठरवल्या: विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. हे कुणी सरकारनं लादलेलं नाही, आणि वारसा यादीच्या चोवीस वर्षं आधीचं आहे. वाचायला सोपं आहे हो. पण विचार करा, पोरगा शहरात शिकतोय, पैसा हवाय, कुणीतरी घराला चांगला भाव देतोय, आणि शेजाऱ्यांना दिलेल्या शब्दापायी तुम्ही नाही म्हणताय.

छपराचं गवत साधारण तीस-चाळीस वर्षं टिकतं. पूर्वी इरोरी, म्हणजे घराच्या मधोमध असलेली उघडी चूल, दिवसभर धुमसायची. त्या धुरानं कीड लागत नसे, दोर घट्ट होत. आता स्वयंपाक गॅसवर, म्हणून काही घरांत मुद्दाम चूल पेटवून ठेवतात. छप्पर बदलायचं तर एक बाजू शे-दोनशे माणसं एक-दोन दिवसांत उरकतात. तिथे याला ‘युई’ म्हणतात. आज माझ्या घरी तुम्ही, उद्या तुमच्या घरी मी. कुणाच्या घरून किती माणसं आली याची वही असते. हे मी सांगितलं तेव्हा बेळगावच्या काकू पटकन म्हणाल्या, ‘म्हणजे आमची इर्जिक की!’ अगदी तेच. फक्त तिथे नांगरटीऐवजी छप्पर.

त्या प्रसंगानंतर मी सहल मोडून पुन्हा बांधली. आता आम्ही आधी मिनोला जातो. मिनो कागदाचं गाव. या प्रांतातल्या इ. स. ७०२ मधल्या कुटुंबनोंदी याच भागातल्या कागदावर लिहिलेल्या आहेत आणि त्या नाराच्या शोसोइन भांडारात अजून आहेत. तेराशे वर्षं! कागद कोझो झाडाच्या सालीचा. साल उकडायची, मग थंड पाण्यात ओणवं बसून तिच्यातला एकेक काळा ठिपका बोटांनी वेचायचा. आमची मंडळी हे दहा मिनिटं करतात आणि कंबर धरून उठतात. मग लगदा पाण्यात सोडायचा, त्यात तोरोरो-आओइ नावाच्या भेंडीच्या नात्यातल्या झाडाच्या मुळाचा बुळबुळीत रस. (भेंडी म्हटल्याबरोबर सगळ्या काकू पुढे सरकतात.) त्या रसामुळे धागे तरंगत राहतात आणि गंमत म्हणजे ओले कागद एकावर एक रचले तरी चिकटत नाहीत. साचा पुढे-मागे तर हलवतातच, मिनोत आडवाही हलवतात, म्हणून धागे एकमेकांत गुंततात. स्वतः केलेला कागद प्रत्येकाचा वेडावाकडाच होतो. पण ज्याचे हात एकदा पाण्यात गारठले, तो नंतर ओगिमाचीत गेल्यावर कुणाचंही दार ढकलत नाही. हा माझा अनुभव.

ओगिमाचीत आता आम्ही मुक्काम करतो, मिन्शुकुत, म्हणजे घरातल्याच चार खोल्या पाहुण्यांना देतात तिथे. महाग पडतं, संडास सामायिक असतो, भिंती कागदाच्या, त्यामुळे कुणाचं घोरणं लपत नाही. शाकाहाऱ्यांसाठी कामाची गोष्ट: नुसतं ‘मासे नकोत’ सांगून भागत नाही. बहुतेक रश्शांत दाशी असते आणि ती सुकवलेल्या माशाची. बुकिंग करतानाच ‘दाशीसुद्धा नको’ असं लिहून कळवा. जागेवर सांगितलं तर यजमानीणबाई बिचारी रडकुंडीला येते.

पाच वाजता दिवसाच्या बसेस निघून जातात आणि मग गाव गावासारखं होतं. कुणी भाजी धुतंय, कुणी सायकल आत घेतंय. सगळ्या शिराकावाची वस्ती मिळून दीड हजारांच्या आसपास, आणि वर्षाला पाहुणे पंधरा लाखांहून जास्त. गाड्या नदीपलीकडे ठेवून झुलत्या पुलावरून चालत यावं लागतं. हिवाळ्यात रोषणाईच्या रात्री २०१९पासून आधी नोंदणी केल्याशिवाय येताच येत नाही. पाहुण्यांच्या पैशावर गावातल्या कित्येक घरांचा संसार चालतो, आणि पाहुणेच अंगणात घुसतात. आम्ही जावं की न जावं, याचं स्वच्छ उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही दहाच जण जातो, राहतो, तिथेच जेवतो, तिथलंच सामान घेतो.

शेवटचा दिवस चालण्याचा. एदो ते क्योतो जाणाऱ्या नाकासेंदो या जुन्या डोंगरी रस्त्यावर ६९ मुक्काम होते, त्यांतल्या मागोमेहून त्सुमागोला आठेक किलोमीटर. याच दिशेनं चाला, चढ कमी लागतो. वाटेत अस्वलांसाठी घंटा टांगल्यात, त्या वाजवत जायचं. आमच्या गटाला दर घंटेशी थांबून आरती सुरू करायचा मोह होतो. रेल्वे दुसरीकडून गेल्यामुळे त्सुमागो ओस पडलं होतं. तिथल्या लोकांनीही १९७१मध्येच तोच निर्धार केला: विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही.

ते काका मागच्या वर्षी पुन्हा आले, यावेळी काकूंना घेऊन. ओगिमाचीत त्याच घरासमोरून आम्ही गेलो. दार बंद होतं, बाहेर मुळे वाळत घातले होते. काकांनी काकूंना लांबूनच घर दाखवलं आणि आवाज न करता पुढे चालू लागले.