गिधाडांचा हिशेब
(रौप्यमहोत्सवी वर्षातील बालमेळाव्यात केलेले भाषण)



चित्रकला स्पर्धेचा विषय होता 'प्राणी वाचवा'. बहुतेकांनी वाघ काढला, दोघांनी चक्क पेंग्विन! गिधाड कुणीच काढलं नाही. जटायू सर्वांना माहीत, पण खरं गिधाड कुणी पाहिलंय विचारलं तर एकही हात वर आला नाही. शाळेत पेंग्विन जरूर शिकवा, पण आपल्या आभाळातून कोण गेलं हेही मुलांना कळायला हवं.

ग्रामीण शाखेत असताना मी म्हशींसाठी कर्ज द्यायचो. विम्याची म्हैस मेली की पंचनाम्याला जायचं, कानातला बिल्ला ताब्यात घ्यायचा. आमचे कागद पुरे होईतो वर गिधाडं घिरट्या घालू लागायची. संध्याकाळी जाऊन पाहावं तर नुसता सांगाडा. ना दुर्गंधी, ना रोगराई. आणि हे सगळं बिनपगारी!

नव्वदच्या दशकात ती पटापट मरू लागली. कारण 2004 मध्ये उजेडात आलं : डायक्लोफेनॅक, म्हणजे दुखण्यावरचं औषध. आजीच्या गुडघ्याच्या मलमावर हे नाव सापडेल. (आजी, मलम बंद करू नका, त्याने गिधाड मरत नाही.) पण हे औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 या काळात हजारात जेमतेम एक उरली. त्यात मादी वर्षाला एकच अंडं घालते. काढायचे हजार आणि भरायचा रुपया, मग खात्यात शिल्लक कशी वाढणार?

2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तरी माणसांच्या इंजेक्शनची मोठी बाटली गोठ्यात पोचायचीच. म्हणून 2015 पासून ते 3 मिलीच्या कुपीतच विकायचं ठरलं. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्झिकॅम हे औषध मात्र गिधाडांना बाधत नाही.

तेव्हा सुट्टीत गावी गेलात आणि गोठ्यातली गाय लंगडताना दिसली, तर काकांना, डॉक्टरांना सरळ विचारा, "मेलॉक्झिकॅमच देताय ना?" मोठी माणसं आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचं ऐकत नाहीत, पण नातवाने विचारलं की थबकतात. आणि आई-बाबांनो, पुढची सहल रिसॉर्टऐवजी रायगडात म्हसळ्याकडे काढा. तिथे अजून थोडी गिधाडं आहेत. दुर्बीण माझी घेऊन जा.