इंग्रजी जेव्हा भूदासांची भाषा होती



इंग्रजी म्हणजे राज्यकर्त्यांची भाषा, हे भारतात गृहीतच धरले जाते. १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणापासूनचा अनुभवही तसाच आहे. परंतु त्या भाषेच्या आरंभीच्या साहित्याचा इतिहास मुळापासून वाचला, तर निराळे चित्र दिसते. खुद्द इंग्लंडमध्येच इंग्रजी ही दीर्घकाळ जितांची, शेतात राबणाऱ्यांची भाषा होती.

नावाने ठाऊक असलेला पहिला इंग्रजी कवी केडमन हा सातव्या शतकातील, व्हिटबीच्या मठातील गुराखी. मेजवानीत वाद्य हातोहात फिरत जवळ आले की, गाता येत नाही म्हणून तो उठून जाई. एके रात्री गोठ्यात झोपला असता त्याला स्वप्नात काव्य स्फुरले, अशी हकीकत बीड या मठवासी इतिहासकाराने ७३१ च्या सुमारास लिहून ठेवली आहे. केडमनच्या नऊच ओळी उरल्या आहेत.

१०६६ मध्ये नॉर्मनांनी देश जिंकला. दरबार फ्रेंच बोलू लागला, धर्मपीठाची लॅटिन होतीच. इंग्रजी उरली ती मुख्यतः शिवारात आणि बाजारात. तिचे पुन्हा वर येणे ही काही राजकृपा नव्हती. १३४८-४९ च्या प्लेगने मजूर दुर्मीळ झाले, मजुरी चढली, आणि ती जुन्या दरावर जखडण्यासाठी १३५१ मध्ये कायदा करावा लागला. १३६२ मध्ये न्यायालयांतील युक्तिवाद इंग्रजीत चालावेत असा कायदा झाला, कारण लोकांना फ्रेंच समजत नव्हती. गंमत अशी की, हा कायदाही फ्रेंचमध्येच लिहिला गेला!

याच काळात लँगलंडने 'पिअर्स प्लाउमन' रचले. सत्याचा मार्ग दाखविणारा त्यातील नायक साधा नांगऱ्या आहे. १३८१ मध्ये डोईपट्टीविरुद्ध शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा धर्मोपदेशक जॉन बॉल याच्या नावावरील इंग्रजी पत्रांत हाच पिअर्स आढळतो. कवितेतले पात्र बंडखोरांच्या तोंडी गेले होते. बॉलला त्याच वर्षी जुलैत सेंट ऑल्बन्स येथे फासावर देण्यात आले.

एसेक्सचे बंडखोर लंडनमध्ये शिरले ते ऑल्डगेटच्या वेशीतून. त्या वेशीवरचे घर तेव्हा जकातीचा अधिकारी असलेल्या चॉसरकडे होते. पण 'कँटरबरी टेल्स'मध्ये त्या उठावाचा स्पष्ट उल्लेख येतो तो एकदाच, कोंबडा पळविणाऱ्या कोल्ह्यामागे धावणाऱ्यांच्या कोलाहलाला उपमा म्हणून. चॉसर थोर कवी खराच. गिरणीवाला आणि नांगऱ्या यांना त्याने सरदाराच्या पंक्तीत बसविले. मात्र त्याला 'इंग्रजी काव्याचा जनक' म्हणून पुढे जाणाऱ्या पाठ्यक्रमाने त्याच्या खिडकीखालचा रस्ताही दाखवायला हवा.

प्रबोधनयुगाचेही तेच. १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. ग्रंथ स्वस्त होऊ लागले तशी सत्ताधाऱ्यांची धास्ती वाढली. नांगरामागच्या पोरालाही बायबल कळावे, या जिद्दीने विल्यम टिंडलने नवा करार इंग्रजीत आणला. १५२६ मध्ये तो परदेशात छापून चोरून आणावा लागला. १५३६ मध्ये टिंडलला ब्रुसेल्सजवळ गळा आवळून मारले आणि प्रेत जाळले. १६११ च्या राजमान्य बायबलातील पुष्कळशी भाषा त्याचीच आहे.

त्याचा कडवा विरोधक कोण? 'युटोपिया'चा कर्ता टॉमस मोर! लोकरीच्या नफ्यासाठी कुरणांना कुंपणे घालून कुळांना हुसकावणाऱ्या जमीनदारांवर त्याने १५१६ मध्ये कोरडे ओढले, खासगी मालमत्ता नसलेले राज्य कल्पिले, पण ते लॅटिनमध्ये, विद्वानांपुरते. नंतर चॅन्सेलर असताना याच मोरने इंग्रजी बायबल वाटणाऱ्यांचा छळ केला. समाजवाद्यांनी पूर्वज म्हणून मिरविलेल्या या लेखकाची ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. 'युटोपिया' इंग्रजीत आले ते १५५१ मध्ये. त्याआधी दोनच वर्षे, १५४९ मध्ये, नॉरफॉकच्या शेतकऱ्यांनी रॉबर्ट केटच्या नेतृत्वाखाली ती कुंपणे उपटून टाकली होती.