डेल्फ्टचा कापडव्यापारी

सूक्ष्मदर्शकाचे प्रयोजन लहान वस्तू मोठी दाखविणे एवढेच नसून, ज्या सृष्टीच्या अस्तित्वाची वार्ताही मानवास नव्हती ती दृष्टीच्या कक्षेत आणणे हे आहे; आणि हॉलंडमधील डेल्फ्ट शहरी कापडाचा व्यापार व नगराची चाकरी सांभाळणाऱ्या, लॅटिन न जाणणाऱ्या अंतोनी व्हान लेव्हेनहूकने ते स्वहस्ते घडविलेल्या एकेका इवल्या भिंगाने साधले, याचे मला अतीव कौतुक वाटते. उट्रेख्ट येथे जतन केलेले त्याचे एक भिंग सुमारे २७० पट वर्धन करते. १६७६ साली त्याने पाण्यातील सूक्ष्मजीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीकडे रवाना केले. सभासद साशंक राहिले. पुढील वर्षी सोसायटीच्याच रॉबर्ट हूकने ते जीव सर्वांसमक्ष दाखविले, तेव्हा कोठे खातरजमा झाली. १६८० मध्ये सोसायटीने या व्यापाऱ्याला आपला सभासद निवडले.