चैनीतील काटकसर

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही शिकवण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. परंतु या म्हणीतले अंथरूण स्वतःच्या मालकीचे आहे. सुट्टीत दोन रात्रींसाठी भाड्याने घेतलेल्या अंथरुणाची गोष्ट निराळी. त्याची लांबीरुंदी बदलत नाही, पण किंमत रोज पालटते. हा फरक ज्याने ओळखला नाही त्याचे पाय आखूडच राहतात, नाही तर खिसा फाटतो.

बेळगावातील एखाद्या शिक्षकाचे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आईवडिलांच्या विवाहाला डिसेंबरात पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. ज्या दोघांनी आयुष्यभर नातेवाइकांच्या घरी पथारी टाकून प्रवास केले, त्यांना एकदा तरी समुद्रासमोरच्या उत्तम हॉटेलात ठेवावे, अशी मुलाची इच्छा आहे. चोर्ला घाट उतरला की गोवा. त्यासाठी त्याने दरमहा थोडेथोडे पैसे बाजूला टाकले आहेत. नाताळच्या आठवड्यातील दर विचारताच ते सारे एकाच रात्रीत संपतील, असे त्याला दिसून येते. त्याच्या इच्छेला उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे होईल. मग ती पुरी कशी करावी?

हॉटेलची खोली ही एका अर्थी मंडईतली पालेभाजी होय. भाजी संध्याकाळपर्यंत खपली नाही तर सुकते, आणि खोली त्या रात्री रिकामी राहिली तर त्या रात्रीचे उत्पन्न कायमचे बुडते. म्हणून गर्दीच्या दिवशी भाव चढतो आणि ओसरत्या दिवशी उतरतो. पलंग तोच, गालिचा तोच, खिडकीतला समुद्रही तोच. गिऱ्हाईक पैसे मोजतो ते खोलीपेक्षा तारखेचे. त्यामुळे बचतीचे पहिले साधन म्हणजे पंचांग, दुसरे म्हणजे घासाघीस.

गोव्यात नाताळपासून नववर्षापर्यंतचे दिवस सर्वांत महाग असतात. जानेवारीचा पहिला आठवडा सरला की भाव खाली येऊ लागतो, हवा मात्र तितकीच आल्हाददायक राहते. प्रजासत्ताकदिनाला लागून सुट्ट्या आल्या तर तेवढे दिवस टाळावे. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत दर पुष्कळच उतरतात. समुद्रात पोहणे त्या काळी धोक्याचे असते, परंतु ज्याला केवळ सज्जात बसून पाऊस पाहावयाचा आहे त्याला याहून उत्तम काळ नाही. समुद्रकाठच्या हॉटेलांत शुक्रवार-शनिवार महाग, तर मधले वार स्वस्त.

शहरांतील व्यापारी वस्तीच्या हॉटेलांचा न्याय नेमका उलटा असतो. हैदराबाद, पुणे किंवा बंगळूर येथील अशी हॉटेले कामानिमित्त येणाऱ्यांवर चालतात. दिवाळीत आणि शनिवार-रविवारी हे लोक आपापल्या घरी जातात आणि खोल्या ओस पडतात. इंदूरचे एखादे कुटुंब दिवाळीत उदयपूरला गेले तर त्याला चढा भाव पडेल, पण त्याच दिवसांत मोठ्या शहरातील तितकेच आलिशान हॉटेल त्याला बरेच कमी पैशांत मिळू शकेल.

दराखालोखाल विचार करावयाचा तो कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचे एका रात्रीचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असल्यास ५ टक्के आणि त्याहून अधिक असल्यास १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. याचा हिशेब करून पाहावा. ७,५०० रुपयांच्या खोलीवर कर ३७५ रुपये, एकूण ७,८७५. खोली ७,६०० रुपयांची असेल तर कर १,३६८ रुपये, एकूण ८,९६८. भाड्यातील शंभर रुपयांच्या फरकापायी गिऱ्हाइकाला १,०९३ रुपये अधिक पडतात! हा कर फलकावरील दरावर नसून प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर असतो. म्हणून ओसरत्या हंगामात भाडे या रेषेखाली आले की लाभ दुहेरी होतो.

खोलीबाहेरच्या खर्चाकडेही लक्ष हवे. गोव्यातील अनेक मोठी हॉटेले २४ व ३१ डिसेंबरच्या रात्रीची मेजवानी सक्तीची करतात आणि तिचे दाम माणशी वेगळे लावतात. आरक्षणापूर्वीच हे विचारून घ्यावे. ज्या हॉटेलात मागील आर्थिक वर्षात एखादी तरी खोली ७,५०० रुपयांहून अधिक दराने दिली गेली, तेथील उपाहारगृहाच्या बिलावर साधारणतः १८ टक्के कर लागतो, तर बाहेरच्या साध्या खाणावळीत ५ टक्के. न्याहारी भाड्यात धरलेली असावी आणि दुपारचे जेवण गावात घ्यावे, हे पोटाला व खिशाला दोन्हीला मानवते. बिलात आपोआप लावलेला सेवाआकार देणे बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. तो काढण्यास नकार मिळाल्यास १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. सेवकाला खुशीने काही देणे हा मात्र प्रत्येकाच्या मनाचा भाग आहे.

आरक्षण करताना मध्यस्थ कंपनीचा दर पाहावा आणि मग हॉटेललाही थेट दूरध्वनी करावा. मध्यस्थाला द्यावे लागणारे कमिशन वाचत असल्याने हॉटेलवाला कधी भाडे कमी करतो, कधी न्याहारी देतो, तर कधी वरच्या दर्जाची खोली. हॉटेलांनी अन्यत्र कमी दर देऊ नये अशी बंधने घातल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये एका बड्या आरक्षण-व्यवसायाला सुमारे २२३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. यावरून थेट विचारणेचे मोल कळावे. पैसे परत मिळण्याची सोय असलेले आरक्षण आधी करून ठेवावे, आणि ती मुदत संपण्यापूर्वी दर पुन्हा पाहावा. उतरला असल्यास जुने रद्द करून नवे करावे.

या साऱ्या युक्त्यांच्या आड येते ती मध्यमवर्गाची भीड. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा गृहस्थ संगमरवरी दालनात शिरताच मुका होतो. ‘न्याहारी धरून का?’, ‘करासह किती?’ हे विचारले तर आपण गरीब ठरू, असे त्याला वाटते. वस्तुतः ज्यांना अशा जागी राहण्याची सवय आहे तेच हे प्रश्न सर्वांत आधी विचारतात. संकोचाची किंमत बिलात निराळी दाखविलेली नसते, पण ती वसूल होते.

बेळगावच्या त्या शिक्षकाने डिसेंबरात घरीच आप्तेष्टांसह पूजा करावी, आणि जानेवारीच्या मध्यावर, सुट्टीचा शेजार नसलेल्या आठवड्यात, दोन रात्रींसाठी आईवडिलांना घाटाखाली न्यावे. सोहळा महिनाभर पुढे गेल्याने पन्नास वर्षांच्या संसाराला काही उणे येत नाही. सकाळी सज्जात चहा घेताना म्हातारी हळूच विचारील, “फार खर्च झाला का रे?” त्या प्रश्नाला खोटे न बोलता “नाही गं, आई” असे उत्तर देता येणे, हीच खरी बचत.