आजोबांची चाल का मंदावली?

रोज सकाळी उद्यानाच्या तीन फेऱ्या मारणारे आजोबा एका फेरीवर येतात, पुढे सोसायटीच्या फाटकापर्यंत, आणि वर्षभरात दिवाणखान्यातील खुर्चीपर्यंत. घरातील मंडळी म्हणतात, ‘वय झाले, चालायचेच!’ आणि हे ‘चालायचेच’ एकदा म्हटले गेले, की आजोबांचे चालणे संपते.

श्रोतेहो, वयाबरोबर वेग थोडा उणावतो, हे खरे. परंतु पाय ओढणे, तोल जाणे, एका अंगाला झुकणे यांमागे बहुधा नेमके कारण असते, आणि जाणत्या तज्ज्ञाला ते रुग्ण दारातून आत येतानाच दिसू लागते.

चालण्याच्या एका आवर्तनात दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असतात ते जेमतेम २० टक्के काळ. उरलेला सारा वेळ देहाचा भार एकाच पायावर तोललेला असतो. त्या क्षणी नितंबाच्या बाजूचा स्नायू दुर्बळ असेल, तर कंबर विरुद्ध बाजूला खाली कलते. जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ साली याचे वर्णन केले; आजही ते लक्षण त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अर्धांगवायूनंतर गुडघा पुरेसा वाकत नाही, म्हणून पाय अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणला जातो. पाऊल वर उचलणारी नस दुखावली, तर चवडा लोंबतो आणि माणूस सपाट जमिनीवरही पायरी चढावी तसा गुडघा उचलतो. कमरेतील चकती सरकल्याने हे होते, तसेच कुष्ठरोगानेही. पार्किन्सनच्या विकारात हात हलेनासे होतात, पावले आखूड पडतात आणि उंबऱ्यापाशी पाय जणू खिळून राहतात.

एका कारणाकडे शाकाहारी कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे. तोंडाला साबण लावताना डोळे मिटले की तोल जातो, अंधारात पाऊल कुठे पडले ते उमगत नाही, अशी तक्रार असेल, तर ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. मधुमेहानेही असे घडते. रक्ताच्या साध्या तपासणीने पुष्कळ उलगडा होतो. उपचार लांबले, तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. आणि चाल एकाएकी बिघडली, तोंड वाकडे झाले वा जीभ जड झाली, तर व्यायामाचा विचारच नको; तत्काळ रुग्णालय गाठावे.

निदानानंतर भौतिकोपचार, म्हणजेच फिजिओथेरपी. पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या शास्त्राचे देशातील पहिले विद्यालय उभे राहिले. २०१४ साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला. त्या लहानग्यांच्या पायांसाठी आलेली विद्या आज घरोघरीच्या गुडघ्यांच्या उपयोगी पडते आहे. तरीही यंत्राचा शेक घेऊन घरी परतणे म्हणजेच फिजिओथेरपी, ही समजूत काही जात नाही. शेकाने दुखणे घटकाभर शमते, स्नायू मात्र बळकट होत नाही. गुडघा झिजला असता मांडीच्या पुढच्या स्नायूला बळ द्यावे लागते: पाय सरळ ठेवून उचलणे, खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे. हे कंटाळवाणे असते, आठवडे लागतात, आणि नेमके तिथेच बहुतेक जण सोडून देतात. लोंबत्या चवड्याला हलकी पट्टी पाऊल सावरून धरते. पार्किन्सनच्या रुग्णासाठी जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवतात किंवा टाळीचा ठेका धरतात. खिळलेला पाय त्या खुणेवर सुटतो, हे पाहणाऱ्यालाही नवल वाटते.

घरी एक परीक्षा करता येते. आजोबांनी खुर्चीतून उठावे, तीन मीटर चालावे, वळून परत यावे आणि बसावे. नातवाने घड्याळ धरावे, मुलाने शेजारी राहावे. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असे समजून तज्ज्ञाकडे जावे.

राहिली काठी. बहुतेक घरांत ती दुखऱ्या पायाच्या बाजूला धरलेली दिसते. ती विरुद्ध हातात हवी, म्हणजे दुखऱ्या पायावरचा भार हलका होतो. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय काठीसह खाली. हात सैल सोडून उभे राहिल्यावर मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. वडिलांची जुनी काठी मुलाला त्या मापाची असेलच असे नाही. तिच्या तळाचे रबरी बूच झिजले असेल, तर ते त्याच दिवशी बदलावे.