जूनचं ऊन आणि जानेवारीचं बिल

छतावर सौर पॅनेलं आणि घरामागे हीट पंप बसवला की बिल जवळपास शून्यावर येतं, असं सांगणारे विक्रेते इंग्लंडमध्ये सध्या भरपूर आहेत. दोन्ही वस्तू चांगल्या आहेत. माझी हरकत आहे ती विक्रेत्यांच्या बेरजेला, कारण ती वर्षाच्या सरासरीवर उभी असते. दक्षिण इंग्लंडमध्ये दक्षिणेकडे तोंड असलेली 4 किलोवॉटची पॅनेलं वर्षाला साधारण पावणेचार हजार युनिट वीज देतात आणि मध्यम घराचा हीट पंप तीन-साडेतीन हजार युनिट खातो. कागदावर जमाखर्च जुळला! पण डिसेंबरच्या अखेरीस लंडनला भरदुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम 15 अंश वर असतो. पुण्यात त्याच दिवशी 48 अंश. जूनमध्ये साडेचारशेच्या आसपास युनिट देणारी पॅनेलं डिसेंबरात शंभराच्या आसपास येतात, आणि हीट पंपाला सर्वांत जास्त वीज लागते ती नेमकी तेव्हाच. पुण्या-नाशिकच्या गच्चीवरच्या सोलरचा हिशेब इथे लागू पडत नाही तो यामुळेच. तिकडे थंडीत आभाळ निरभ्र असतं, पॅनेलं मंदावतात ती पावसाळ्यात. मग बॅटरी? घरगुती बॅटरी दुपारचं ऊन रात्रीपर्यंत पुरवते, जूनचं जानेवारीपर्यंत नाही. हिवाळ्यात तिचा खरा उपयोग रात्रीची स्वस्त वीज भरून ठेवण्याचा, म्हणजे सूर्याशी त्याचा काही संबंध उरत नाही.

म्हणून दोन वह्या वेगळ्या ठेवाव्यात असं माझं म्हणणं आहे. सोलरची वही सोपी आहे: जे युनिट घरातच वापरलं त्याचे ग्रिडच्या विजेइतके पैसे वाचतात, जे बाहेर विकलं त्याला बरेच कमी मिळतात आणि तो दर कंपनीगणिक बदलतो. दिवसा घरात माणसं असतील किंवा गाडी विजेवर चालत असेल, तर ही गुंतवणूक हीट पंपाशिवायही आपल्या पायावर उभी राहते. हीट पंपाची वही किचकट आहे. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरची आत आणतो, आणि 1 युनिट विजेवर सुमारे 3 युनिट उष्णता देतो. पण 2025 च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत ब्रिटनचा ऊर्जा नियामक असलेल्या ऑफजेमच्या कमाल दरानुसार वीज युनिटमागे 26 पेन्सच्या थोडी वर होती आणि गॅस सुमारे 6 पेन्स, म्हणजे वीज चौपट महाग. घराला वर्षाला 10,000 युनिट उष्णता लागते असं धरा. 85 टक्के कार्यक्षम बॉयलरला गॅसचे अंदाजे 740 पौंड पडतील, तिप्पट उष्णता देणाऱ्या पंपाला विजेचे 880. स्वयंपाकही विजेवर नेऊन गॅसजोडणी पूर्ण तोडली, तर स्टँडिंग चार्जचे, म्हणजे जोडणीच्या स्थिर आकाराचे, वर्षाला सव्वाशे पौंड वाचतात आणि हिशेब कसाबसा बरोबरीत येतो. पंपाने चौपट उष्णता दिली, तर मात्र तोच खर्च 660 वर उतरतो. घराची बचत तीन आणि चार यांच्यामधल्या या फरकात आहे.

आणि हा फरक ठरतो रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या तापमानावर. पाणी जितकं कोमट चालेल तितके पंपाचे कष्ट कमी. एकेका अंशामागे दोनेक टक्के वीज वाचते. 55 अंशांऐवजी 40-45 अंशांवर घर उबदार राहावं, यासाठी रेडिएटर मोठे हवेत, पोटमाळ्यावर आणि भिंतींत इन्सुलेशन हवं, आणि बसवणारा माणूस खोलीगणिक उष्णतेचा हिशेब करणारा हवा. पंपाच्या ब्रँडवर तासन्‌तास चर्चा करणारे लोक पाणी किती अंशांवर चालेल हा प्रश्न विचारतच नाहीत, याचं मला नवल वाटतं.

‘इथल्या थंडीत हे चालत नाही’ हा आक्षेप नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडने केव्हाच निकालात काढला आहे. युरोपात घरांच्या प्रमाणात सर्वाधिक हीट पंप तिथेच आहेत. ‘वीज तरी गॅसवरच बनते ना?’ हा प्रश्न जास्त वजनदार आहे. पण वीजकेंद्रात गॅसची निम्मी ऊर्जा वाया गेली, तरी पंप उरलेल्या निम्म्याची तिप्पट, म्हणजे मूळ गॅसच्या दीडपट उष्णता घरात आणतो. बॉयलर एकापलीकडे जाऊच शकत नाही. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये 7,500 पौंडांचं अनुदान मिळूनही बहुतेक घरांना खिशातून काही हजार घालावे लागतात. लीजहोल्ड, म्हणजे दीर्घ भाडेपट्ट्याच्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तर भिंतीबाहेर पंप टांगायलाही परवानगी लागते. भाडेकरूंच्या हाती त्याहून कमी. ज्यांचं स्वतःचं घर आहे आणि बॉयलर म्हातारा झाला आहे, त्यांना एक चाचणी फुकट करता येते. जानेवारीतल्या कडाक्याच्या आठवड्यात बॉयलरचं पाणी 50 अंशांवर आणा, टाकीतलं नळाचं गरम पाणी त्यातून वगळा, आणि रेडिएटर दिवसभर चालू ठेवा. सगळ्या खोल्या उबदार राहिल्या, तर कोटेशन मागवा. एखादी खोली गारठली, तर आधी त्या खोलीचा रेडिएटर आणि खिडक्या पाहा.