कळ हातात, कारण मानेत

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्यासारखी दिवसभर मान वाकवणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ. चिंचणी-वाणगावकडे दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर तासन्‌तास खाली बघतात. तलासरीच्या पाड्यांवर बायाबापड्या डोक्यावर हंडे आणि लाकूडफाटा वाहतात.

मानेत मणके 7, पण नसांच्या जोड्या 8. दोन मणक्यांमधली चकती सरकली किंवा वयानुसार हाड वाढलं, की नस बाहेर पडण्याची जागा अरुंद होते आणि कळ हातात उतरते. सहावी नस दबली तर मुंग्या बहुधा अंगठ्याकडे, सातवी दबली तर मधल्या बोटाकडे, आठवी दबली तर करंगळीकडे. म्हणून डॉक्टरांना नुसतं 'हात दुखतो' म्हणू नका, बोट दाखवा. हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटत असेल तर तेही सांगा. रात्री मुंग्यांनी जाग येत असेल तर दबलेली नस मनगटातलीही असू शकते.

बहुतेकांना दोन-तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो. थोडे दिवस हलकं काम, डॉक्टरांनी दिलेली गोळी, मग फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम. पट्टा महिनोन्‌महिने बांधू नये, स्नायू कमजोर होतात. पहिल्याच दिवशी एमआरआयसाठी वापी गाठायची गरज सहसा नसते; काहीच दुखत नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही सरकलेली चकती दिसते.

सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणं मात्र बंद करा. क्वचित का होईना, त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटते आणि पक्षाघात होतो. 'नस बसवून देतो' म्हणणाऱ्यांनाही लांबूनच सलाम.

हातातून छिन्नी निसटू लागली, शर्टाचं बटण लागेना, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा गेला, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. डाव्या हाताच्या कळेबरोबर छाती दाटली, घाम फुटला, तर आधी हृदय तपासायचं.

'हलकं काम करा' हे मला सोपं आहे, मला पगारी रजा मिळते. नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराला नाही. त्याचं काम निदान पाटावर ठेवून उंच करता येईल, अर्ध्या तासाने उठता येईल. हंडा वाहणाऱ्या बाईला मी कुठला व्यायाम सांगू? तिला दारात नळ हवा.

तोवर घरातल्या कुणाला डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात नेणार असाल तर कागदावर लिहून न्या: कुठलं बोट, कधीपासून, काय उचलल्यावर वाढतं.